झाकण मिटल्यावर

माग विकून आता सात महिने झाले.
चारही गेले किलोच्या भावानं.
खासबागेतला एक जण टेंपो घेऊन आला,
जाताना वजनकाट्याची चिठ्ठी तेवढी ठेवून गेला.
तेव्हापासून बापूंना झोप नाही.

वडगावात, आमच्या गल्लीत,
आवाज असला की माणसं झोपतात,
थांबला की उठून बसतात.
मी पाळण्यात होते तेव्हापासून हेच.
धागा तुटला असेल, कांडी संपली असेल,
उगीच गप्प बसणारं यंत्र नव्हे ते.

माझ्याकडं एक क्लिप होती,
दोन वर्षांमागं सहज घेतलेली, अकरा मिनिटांची.
तीन नंबरवर जांभळ्या काठाचं लुगडं,
खटक-फटाक, खटक-फटाक,
आणि चौथ्या मिनिटाला बापूच शिंकतात.
ती लॅपटॉपवर घातली,
संपली की पुन्हा पहिल्यापासून, अशी लावली,
आणि बापूंच्या खाटेखाली ठेवली.

"उजेड डोळ्यावर येतोय गं."
मी झाकण मिटलं.
मिटल्याबरोबर माग थांबला.
बापू ताडकन उठून बसले,
"कुठला थांबला? तीन नंबर?"

लॅपटॉप तिसऱ्या गेटजवळचा, महांतेशच्या दुकानातला,
कुणीतरी वापरून टाकलेला.
आतलं सगळं कन्नड.
"आमेल बदलून देतो अक्का," म्हणाला होता,
ते आमेल अजून यायचंय.
मी कन्नड वाचते बसच्या पाटीएवढं,
अक्षराला अक्षर जोडत,
गाव लागेपर्यंत बस सुटलेली असते.
तरी चिकाटीनं बसले.
विद्युत. बॅटरी. मुच्चळ म्हणजे झाकण.
निद्रे कळायला काही लागलं नाही,
ती इकडची तिकडची एकच.
झाकण मिटलं तर काय करू, असं तो विचारत होता.
खाली उत्तरं होती, त्यातलं एक
एनू माडबेड.
काही करू नको.
तेच दाबलं, दोन्ही खणांत,
वायर लावलेली असताना आणि नसतानाही.
किती वेळानं झोपू, त्यालाही
दोन्हीकडं: कधीच नाही.

त्या रात्री बापू झोपले.
पहाटेपर्यंत अंधारात खाटेखाली
लुगडं विणलं जात राहिलं,
दर अकरा मिनिटांनी तोच वीतभर काठ.
ते स्वतःच्याच शिंकेला झोपेत हुंकार देत होते.

पाचव्या रात्री हेस्कॉमनं लाइट काढली.
पंखा घरघरत थांबला,
पुढच्या दारची मोटर थांबली,
पाठीमागच्या तवनप्पांचे खरेखुरे माग, सहाच्या सहा, थांबले.
आमचा तेवढा चालूच.

"लाइट गेलीय न्हवं?"
बापू काळोखात बोलले, अगदी जागेपणी.
"पंखा बंद हाय, खरं माग कशावर चाललाय गं?"

चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस.
त्याला मी काय सांगू, बॅटरी?
खाटेखाली हात घालून
मुकाट्यानं बंद केलं.
ते काही म्हणाले नाहीत.
डोक्याखालची उशी पालथी केली,
आणि मग बराच वेळ
मला त्यांचे उघडे डोळे ऐकू येत होते.

सकाळी पुन्हा त्या पाटीवर गेले.
वायरीचा खण तसाच ठेवला.
बॅटरीच्या खणात बोट फिरवत खाली आणलं,
कधीच नाही, पाच तास, अर्धा तास, पाच मिनिटं,
एक मिनिट.
त्याहून कमी तो द्यायला तयार नव्हता.

अमावास्येच्या आधल्या रात्री परत गेली.
पंखा थांबला, मोटर थांबली, तवनप्पांचे थांबले.
आमचा एक मिनिट उगीचच चालला,
मी श्वास धरून.
मग शिंकेच्या अलीकडंच कुठंतरी
खटक झालं, फटाक झालंच नाही.

"गेली," बापू म्हणाले.
कुशीवर वळले
आणि घोरायला लागले.

मीच मग उठून बसले,
आमच्या गल्लीतली माणसं बसतात तशी.
झाकणाच्या कडेला एक बारीक पांढरा दिवा
लागत होता, विझत होता.